सरकवलेला ठिपका

सोमवार, ३

पोचलो एकदाच्या! आई, मी आणि खोक्यांचा डोंगर. नवं शहर, नवी नोकरी, नवी वही.

घर म्हणजे कुलूप लागलेल्या एका दुकानावरच्या दोन खोल्या. शेजार नाही, कटकट नाही. स्वयंपाकघर एवढंसं की आईच्या मते तिथे एक तर भाजी मावेल किंवा बाई. तरी स्वारी खूश आहे. सामान उघडायच्या आधी तिने समोरच्या औषधवाल्याची सगळी हकीगत काढून घेतली. कोणीही दारात आलं की दार सताड उघडून 'या बसा' म्हणायची तिची खोड इथेही सुरू होणार, हे दिसतंय.

मी मात्र दोन्ही कड्या तपासल्या आणि कुलूप स्वतःचं लावलं. स्वभावाला औषध नाही. आई म्हणते, जन्मल्यावर रडायच्या आधी मी डॉक्टरकडे तिरका डोळा करून पाहिलं होतं.

उद्या कामावर. वर्तमानपत्राच्या ऑनलाइन आवृत्तीत नकाशे करायचे, तेही बोटाने हलणारे, मोठे होणारे, ठिपक्यावर दाबलं की बोलणारे. आईला हे काम अजून नीट कळलेलं नाही. ती सगळ्यांना सांगते की मुलगी भूगोलात आहे.

मंगळवार, ४

कचेरी आवडली. खिडकीजवळची जागा मिळाली, हे तर भाग्यच.

विभागप्रमुख बाईंना सगळे वहिनी म्हणतात. त्यांचे यजमान आधी इथेच होते आणि ते सगळ्यांचे दादा होते, म्हणून त्या वहिनी. दादा आता नाहीत, एवढंच कोणीतरी हळू आवाजात सांगितलं. वहिनी कमी बोलतात, पण माझा चहा त्यांनी स्वतः आणून दिला. दुसरा माणूस खटपट्या. नकाशा ज्या यंत्रणेवर चालतो ती त्याने बांधली आणि तो ती रोज मोडतो, असं तोच सांगतो. माझ्या जागेवर आधी एक वयस्कर गृहस्थ होते, त्यांना भाऊ म्हणत. ते नोकरी सोडून गेले. का, ते विचारलं तर खटपट्याला नेमकं तेव्हाच काहीतरी दुरुस्त करायचं आठवलं.

पुराचं पाणी कुठवर चढलं, कोणत्या रस्त्यावर अपघात जास्त, असे पुष्कळ नकाशे इथे होतात. वाचक बातमी वाचायच्या आधी नकाशात स्वतःची गल्ली शोधतो, त्यामुळे नकाशा तुफान चालतो. पण या विभागाची खरी ओळख एकच नकाशा. नाव 'घरात नसलेली माणसं'. शहरात बेपत्ता झालेल्या प्रत्येकाचा एक ठिपका. दाबला की फोटो आणि घरच्यांच्या तोंडची हकीगत.

त्यात एक रीत आहे. ठिपका कधीही खऱ्या घरावर ठेवायचा नाही. घरच्यांना बघ्यांचा त्रास नको, म्हणून थोडा सरकवून, चार घरं सोडून दुसऱ्या एखाद्या घरावर ठेवायचा. बरोबरच आहे की. सरकवायचं काम नेहमी नव्या माणसाचं, असं वहिनी म्हणाल्या. ते का, हे काही कळलं नाही.

शुक्रवार, ७

आज माझा पहिला ठिपका. एक शिंपी. त्याची बायको कचेरीत आली होती. भर दुपारी तो कॉलर शिवत बसला होता, मध्येच मान वर करून 'आलो, आलो' म्हणाला आणि उठून दाराकडे गेला. तो गेलाच. चपला तिथेच, चष्मा शिवणयंत्रावर. बायको शेजारीच काजं करत होती, पण हाक काही तिला ऐकू आली नाही. पोलीस म्हणाले, मोठा माणूस आहे, गेला असेल मनाने.

ती बोलताना माझा हात तिच्या हातावर कधी गेला, मला कळलं नाही.

मग ठिपका. वरून घेतलेल्या छायाचित्रात शिंप्याची गल्ली शोधली. कोपरा ओलांडून गच्चीवर निळी टाकी असलेलं एक घर होतं. डोळ्यांना चटकन सापडणारं. ठेवला त्यावर. मी बोट उचललं तेव्हा वहिनींनी मान फिरवून खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर बघण्यासारखं काहीही नव्हतं.

बुधवार, १२

आज हकीगत घ्यायला एका घरी गेले. काल तिथली सून गेली. नर्स होती, रजेवर होती, मुलाचं डोकं विंचरत होती. 'आले हं' म्हणून उठली. कंगवा मुलाच्या केसांत तसाच.

सासू रडत रडत घर दाखवत होती. छायाचित्रात वरून पाहिलेलं घर समोरून बघितलं तर ओळखू येत नाही, त्यामुळे मला काहीच वाटलं नाही. मग तिने वर नेलं, सुनेने वाळत घातलेले कपडे अजून काढवत नाहीत, म्हणाली. कपड्यांमागे निळी टाकी होती.

टाकीला हात लावून पाहिला. वळून शिंप्याची गल्ली शोधली. दिसली. कोपऱ्यापलीकडे.

सासूने विचारलं, काय झालं बाई? मी म्हटलं, ऊन लागलं.

गुरुवार, १३

बोलाफुलाला गाठ पडली असेल, असं रात्रभर स्वतःला समजावलं. पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

आज वहिनी बैठकीला गेल्यावर नकाशाचे दोन्ही थर एकदम लावले. एका थरात खरी घरं, लाल. दुसऱ्यात आपण सरकवून ठेवलेले ठिपके, करडे. हे दोन थर एकत्र कोणी बघत नाही, कारण एक आपल्यासाठी आणि एक वाचकांसाठी.

प्रत्येक करड्या ठिपक्यावर पुढचा लाल बसलाय. प्रत्येक. माणूस जातो, आपण त्याचा ठिपका सरकवून दुसऱ्या घरावर ठेवतो, मग त्या घरातला माणूस जातो. शहरभर कोणीतरी घरोघर हिंडतंय आणि रस्ता आम्ही दाखवतोय.

साखळी एकाच ठिकाणी तुटली आहे. मध्येच एक लाल घर असं की तिथे आधी करडा ठिपका नव्हताच. आणि अगदी पहिलं लाल घर, त्याच्याही आधी काही नाही.

कोणीतरी नकाशा बघून घरं निवडतंय. वाचक? की आतलं कोणी? ठिपका कुठे पडणार, हे सर्वांत आधी आम्हा तिघांनाच कळतं. मी नाही. मग खटपट्या की वहिनी?

शुक्रवार, १४

वहिनींना थर दाखवले. वाटलं होतं दचकतील, नाहीतर चिडतील. त्यांनी शांतपणे दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, तुम्ही लवकर पाहिलंत, भाऊंना वर्ष लागलं.

पहिलं लाल घर त्यांचंच आहे. दादा. जेवता जेवता उठून गेले. त्यांना शोधायला वहिनींनी नकाशा काढला, पण लोक नाही नाही ते बोलतील म्हणून स्वतःच्या नवऱ्याचा ठिपका लाजेपायी चार घरं पलीकडे ठेवला. तिथली मुलगी पुढच्या आठवड्यात गेली. त्यानंतर त्यांनी एकही ठिपका स्वतःच्या हाताने ठेवलेला नाही.

मी म्हटलं, मग नकाशा बंद करा. त्यांनी मला भाऊंचा नंबर दिला. नर्सचा ठिपका अजून ठेवायचा राहिलाय, तेवढं लवकर बघा, असंही म्हणाल्या. त्याच आवाजात, ज्या आवाजात त्या शुद्धलेखन तपासायला सांगतात.

संध्याकाळी पोलीस ठाण्यात जाऊन आले. तिथल्या माणसाने नकाशा कौतुकाने बघितला. त्याचं स्वतःचं घर त्यावर कसं शोधायचं, ते विचारलं.

मला कोणावरही विश्वास ठेवायचा नाही. वहिनींची गोष्ट खरी कशावरून?

शनिवार, १५

भाऊंना फोन केला. नाव सांगितलं. मग पहिला प्रश्न: घरी कोण कोण असतं?

मी आई म्हटलं. मग एका दमात बोलले. माणूसबिणूस कोणी नाही त्यामागे, ते त्यांचं सगळं शोधून झालंय. त्यांनाही थर दिसले तेव्हा त्यांनी ठरवलं की आता ठिपका ठेवायचाच नाही. एक ठिपका कुठेच न ठेवता हातातच राखला आणि घरी गेले. ज्याच्या हातात ठिपका, त्याच्या घरी ते येतं. त्यांची बायको फोडणी देत होती. गॅस चालू ठेवून गेली.

साखळी तुटलेली ती तिथे.

मग काय केलंत, मी विचारलं. त्यांनी बायकोचा ठिपका ठेवला. कोणाच्या दारावर ते विचारू नका, म्हणाले. राजीनामा दिला आणि शहर सोडलं. फोन ठेवताना रडत होते.

रडणं खरं वाटलं. मला खरं वाटावं म्हणून रडले असतील का? पण कशासाठी?

नर्सचा ठिपका माझ्या हातात आहे. आई आत गाणं गुणगुणतेय.

रविवार, १६

आईला मावशीकडे पाठवलं. मावशी याच शहरात, पण पार बाहेर, नुकत्याच घेतलेल्या घरात राहते. मावसभाऊ गाडी घेऊन आला. आई कुरकुरली, मला हाकलतेस का, म्हणाली. मी घरात औषध मारून घ्यायचंय असं खोटं सांगितलं. तिने माझ्यासाठी भाजी करून झाकून ठेवली आणि जाताना माझ्या गालावर हात ठेवला. गाडी वळल्यावर मी तिथेच पायरीवर बसून रडले. तिच्याशिवाय मला कोण आहे?

आता घरी मी एकटी. येऊ दे.

संध्याकाळपर्यंत ते शौर्य ओसरलं. 'येऊ दे' म्हणणं सोपं. प्रत्येक आवाजाला उठून कड्या तपासतेय.

सोमवार, १७

सुचलं! इतकं सोपं होतं आणि दोन शहाण्या माणसांच्या डोक्यात आलं नाही. ठिपका घरावरच ठेवला पाहिजे असं कोणी सांगितलंय?

सकाळी सगळं शहर वरून चाळून काढलं. अगदी कडेला एक मोकळं माळरान सापडलं. गवत, दगड, बाजूला एक तळं आणि तळ्याच्या मधोमध आरपार गेलेला बांध. छप्पर नाही, झोपडी नाही, गुरांचा गोठासुद्धा नाही. नर्सचा ठिपका तिथे, अगदी तळ्याकाठी ठेवला.

वहिनी बघत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं असं वाटलं. हे मला आधी का सुचलं नाही, एवढंच म्हणाल्या. खटपट्याने माझ्यासाठी चहा आणला. आजवर त्याने कोणाला चहा दिल्याची नोंद नाही म्हणे.

ये आता. हिंड गवतात.

उद्या आईला घरी आणते. आजची रात्र शांत झोपणार.

मंगळवार, १८

आईचा फोन. मी कामात होते, हं हं करत होते. मावशीचं घर फार सुरेख आहे, रंग अजून ओला वाटतो. बाल्कनीत बसलं की गार वारा. समोरच तळं. तळ्याच्या मधून बांध गेलाय, लोक सकाळी त्यावरून फिरायला

मी उभी राहिले. खुर्ची मागे पडली.

ओरडले तिच्यावर. आत्ताच्या आत्ता त्या घरातून बाहेर पड. का विचारू नको. चप्पल घालू नको, काही नको, बाहेर पड. ती घाबरली. काय झालं गं तुला, तुझा आवाज असा का — फोन कट झाला. परत लावला तर उचलत नाही.

खटपट्या धावत आला. छायाचित्र बघितलं. म्हणाला, हे जुनं आहे. फार वर्षांपूर्वीचं. नवं विकत घ्यायचं राहिलं होतं. तिकडे आता मोठी वसाहत झालीय, शेकडो घरं.

इथल्या कोणालाही हे माहीत असणार. मी नवी. मला नाही. आणि मावशीचं घर नेमकं कुठे, हे मी, जगाचा पत्ता विचारणारी मी — विचारलंच नाही.

वहिनी? त्यांना माहीत नव्हतं? त्या तर इथल्याच. काल त्यांच्या डोळ्यांतलं पाणी —

नंतर विचार करीन.

मंगळवार, नंतर

ठिपका काढला. काढला की हातात येतो. ठेवायला तर हवाच. बोट शहरावरून फिरत होतं आणि प्रत्येक छपराखाली कोणीतरी जेवत होतं, शिवत होतं, पोराचे केस विंचरत होतं. निळी टाकी आठवली. ती सासू आठवली.

आमच्या घरावर ठेवला. खाली दुकान बंद. वर फक्त मी. आई तिकडे, लांब.

वहिनींनी खांद्यावर हात ठेवला. मी तो झटकला.

घरी आले. दोन्ही कड्या लावल्या. मला माहीत आहे ते कसं येतं. हाक मारतं. ओ द्यायची नाही, उठायचं नाही, बस. बाकीच्यांना कुठे माहीत होतं? आयुष्यभर संशयी म्हणून बोलणी खाल्ली, त्याचं आज चीज होईल.

आईने झाकून ठेवलेली भाजी अजून आहे. खाववत नाही.

मंगळवार

मावशीचा फोन. तुझं काय बिनसलंय गं, म्हणाली. तुझ्या ओरडण्याने ताई इतकी घाबरली की अनवाणीच बाहेर पडली. टॅक्सी केली. लेकीचं काहीतरी झालंय, मी घरी जाते, म्हणाली. फोन इथेच राहिलाय तिचा, बघ, मी त्यावरूनच बोलतेय.

घरी म्हणजे इथे.

कधी निघाली? मघाशीच.

इथे येतेय. ठिपक्यावर येतेय.

मंगळवार

खटपट्याला फोन केला. ठिपका हलव म्हटलं, पाया पडते तुझ्या. तो म्हणाला हलवतो, लगेच हलवतो, फक्त कुठे ठेवू ते सांगा.

कुठे ते सांगा.

हॅलो, हॅलो करत राहिला. मी फोन ठेवला.

रस्त्यावर जाऊन तिला तिथेच अडवायचं? पण दार उघडायचं कसं — बाहेर कोण उभं असेल —

खिडकीतून बघितलं. टॅक्सी नाही. की येऊन गेली?

मंगळवार

दारात आहे.

आईचा आवाज. अगं उघड, म्हणते. पाय पोळलेत. टॅक्सीवाला खाली थांबलाय, त्याला पैसे दे आधी.

वहीवर पेन टेकवून ठेवलंय, तोंडून ओ जाऊ नये म्हणून.

खाली टॅक्सी दिसत नाही. पण खिडकीतून सगळा रस्ता दिसतच नाही. कोपऱ्यावर थांबली असेल. नसेलही.

विचारलं. दाराच्या आतून. तू मावशीकडून कशाला आलीस? म्हणाली, तू ओरडलीस म्हणून. बरोबर. पण ते — त्यालाही माहीत असेल. लहानपणी मला काय म्हणायचीस, विचारलं. दारावर एक थाप. मग म्हणाली, आईची परीक्षा घेतेस? आणि रडायला लागली.

आई असंच म्हणाली असती. आई अशीच रडते, नाकाने.

शिंप्यालाही असंच वाटलं असेल. त्या नर्सलाही —

उघडायचं नाही. नाही उघडायचं.

पण ती असेल तर? ती खरीच असेल तर मी आत कडी लावून बसलेय आणि ती अनवाणी त्या ठिपक्यावर उभी आहे. आणि ते येतंय. माझ्याकडे नाही, तिच्याकडे. तिला कोणी हाक मारली तर ती लगेच ओ देईल, तिला कोणाचा संशय येतच नाही, ती म्हणेल या बसा —

रडणं थांबलं.

का थांबलं?

आता बोलतेय. माझ्याशी नाही. दुसऱ्या कोणाशी तरी. आले हं, म्हणतेय, थांब, आले —

नाही. आई, नाही, ओ देऊ नको, मी इथे आहे, कडी काढतेय, आले गं, आले, मी आ